जुन्या लॅपटॉपला एसएसडी, रॅम टाकावी की नवा घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याच्या एक ताई घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात. २०१६ साली घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप आहे: कोअर आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी), १ टीबी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, विंडोज १०. त्यावर मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करणं, गुणांचे तक्ते, आठवड्यातून काही ऑनलाइन तास आणि बँकेचे व्यवहार होतात. चालू होऊन हाताशी यायला सहा-सात मिनिटं लागतात. दुकानदाराने ५१२ जीबी एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) ४,०००, ८ जीबी रॅमचे ३,०००, बॅटरीचे २,५०० आणि मजुरीचे १,००० असे एकूण १०,५०० रुपये सांगितलेत. शेजारी म्हणतात, इतक्या जुन्या मशीनवर पैसे घालू नका. त्यात मुलगा यंदा ऐरोलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलाय, तर हाच सुधारून त्यालाही चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या कामासाठी हा लॅपटॉप सुधारण्यासारखा आहे, पण १०,५०० रुपये घालण्यासारखा नाही. मुलासाठी म्हणून त्यावर काहीच खर्च करू नका, त्याचा हिशेब वेगळा आहे. मी ठाण्याच्या नौपाड्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. 'आता याच्यावर पैसे घालावेत का' हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज येतो आणि लोक बहुतेक वेळा लॅपटॉपचं वय सांगून सुरुवात करतात. मी वय नंतर विचारतो. आधी मशीन कुठे अडतंय ते बघतो, आणि मग घातलेला पैसा हे मशीन गेल्यावरही आपल्या हातात राहणार आहे का, ते बघतो. या दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण दहा वर्षांच्या मशीनच्या बाबतीत निर्णय तिथेच होतो.

अडतंय कुठे हे तुम्हाला घरीच बघता येईल. लॅपटॉप चालू करा, रोजचं काम उघडा म्हणजे वर्डची फाइल, ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि ऑनलाइन तासाची खिडकी. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. डाव्या बाजूला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे आलेख दिसतील. मशीन रखडलेलं असताना डिस्क १०० टक्क्यांवर असेल आणि तिथेच खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी एवढाच दिसत असेल, तर गुन्हेगार हार्ड डिस्क. मेमरी ३.५ किंवा ३.७ जीबीला टेकली असेल तर रॅमही कमी पडतेय. सीपीयू मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल तर जपून, कारण त्याला आपल्याकडे औषध नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी एकत्र दिसतील असा माझा अंदाज आहे.

सीपीयूच्याच पानावर 'स्पीड' म्हणून आकडा असतो, तो जरूर बघा. तुमचा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झचा आहे. काम चालू असताना तो १.९ किंवा २च्या आसपास दिसायला हवा. ०.७ किंवा ०.८वर अडकून बसला असेल तर एसएसडी टाकूनही मन भरणार नाही. अशा वेळी एक तर पंख्यात कचरा साठून प्रोसेसर तापलेला असतो आणि जळू नये म्हणून स्वतःच हळू होतो, नाहीतर ॲडॉप्टरची भानगड असते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपला भलताच ॲडॉप्टर लावला की तो ओळखला जात नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन मुद्दाम मंद चालतं. मूळ ॲडॉप्टर खराब झाल्यावर स्टेशनजवळून स्वस्तातला घेतला असेल तर आधी तो तपासून घ्या. यात नुसता ॲडॉप्टर बदलून काम झालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता एसएसडी. जुन्या लॅपटॉपमध्ये घातलेल्या पैशाचा सगळ्यात जास्त मोबदला इथेच मिळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॅपटॉपमधल्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी डोकं योग्य जागी सरकवायचं. असं प्रत्येक तुकड्यासाठी. सलग मोठी फाइल वाचताना हे जाणवत नाही, तेव्हा हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीपर्यंत देते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीकसारीक फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलल्या जातात आणि तिथे हीच डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे वाचू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती थांबणूकच नाही. तुमची सहा-सात मिनिटं या थांबण्यात जातात, प्रोसेसर त्या काळात बराचसा रिकामा बसलेला असतो. एसएसडी टाकल्यावर असं मशीन साधारण अर्ध्या मिनिटात हाताशी येतं.

तुमच्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी लागेल (साटा म्हणजे डिस्क जोडण्याची जुनी पद्धत). या साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी आहे, त्यामुळे 'हा जास्त फास्ट आहे, थोडे जास्त पडतील' असं कोणी म्हटलं तर त्या जास्तीच्या वेगाचा तुम्हाला उपयोग नाही. एनव्हीएमई नावाचा चपट्या पट्टीसारखा प्रकार असतो, तो याहून पुष्कळ वेगवान आहे, पण पाचव्या पिढीच्या प्रोसेसरवाल्या स्वस्त लॅपटॉपात (तुमच्या ५००५मधला पहिला ५ म्हणजे पिढी) त्याची जागाच बहुधा नसते. दुकानदाराने तो शब्द वापरला असेल तर 'माझ्या मॉडेलला बसतो का' हे बिल करण्याआधी विचारा.

५१२ जीबीही तुम्हाला लागणार नाही. प्रश्नपत्रिका आणि तक्ते कितीही साठले तरी काही जीबींच्या वर जात नाहीत. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ, आणि ते एसएसडीवर असण्याची गरज नाही. २४० किंवा २५६ जीबीची घ्या. कंपनी नावाजलेली असावी, वॉरंटी किमान तीन वर्षांची असावी. ओळखीची नसलेली नावं, भलतीच मोठी साठवण आणि भलतीच कमी किंमत असं तिन्ही एकत्र दिसलं तर ती वस्तू घेऊ नका. आत कमी क्षमतेची चिप घालून संगणकाला मोठा आकडा दाखवणाऱ्या बनावट एसएसडी बाजारात येतात आणि खरी जागा भरली की पुढची प्रत्येक फाइल गायब होते.

दुकानदार बहुधा सुचवेल की डीव्हीडी ड्राइव्ह काढू, तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी हार्ड डिस्कही आत ठेवू. मी स्वतः हे टाळतो. दहा वर्षं फिरलेली डिस्क आत ठेवली की ती वीज खाते, तापते, आणि एक दिवस अडखळायला लागली की तिच्यामुळे नवी एसएसडीवाली विंडोजसुद्धा अधूनमधून गोठते. त्यापेक्षा काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये ती घाला आणि बॅकअपला ठेवा. त्याआधी तिची तब्येत बघायला सांगा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम डिस्कचे स्वतःचे नोंदवलेले आकडे दाखवतो. त्यात रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरपुढे (डिस्कवरचे खराब किंवा संशयित तुकडे) 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, पिवळा 'कॉशन' आला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंदच करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

विंडोज जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उचलायची की कोरी टाकायची? दहा वर्षांच्या मशीनला मी कोरीच टाकतो. लायसन्सची काळजी करू नका, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण शिक्षकांच्या मशीनबाबत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती फॉन्टची. तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका शिवाजी किंवा तसल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (तोच फॉन्ट असेल तरच वाचता येणाऱ्या) असतील तर कोऱ्या विंडोजवर त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि जमेल तसं नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये करायला लागा, पुढे तुमचंच काम वाचेल.

रॅमकडे येऊ. ४ जीबीमध्ये विंडोज १० स्वतःच दोनेक जीबी घेऊन बसते. उरलेल्यात ब्राउझर आणि ऑनलाइन तास एकत्र चालवले की रॅम संपते आणि विंडोज जादा माल डिस्कवर नेऊन ठेवते. साध्या हार्ड डिस्कवर हा प्रकार सुरू झाला की माउसचा बाणसुद्धा हलत नाही. एसएसडीवर तोच प्रकार बराच सुसह्य होतो. म्हणून माझा आग्रह असा की दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका. आधी फक्त एसएसडी टाका, दोन आठवडे वापरा. प्रश्नपत्रिका आणि तक्त्यांपुरतं काम असेल तर कदाचित तिथेच भागेल. ऑनलाइन तासाला अडखळत असेल तर रॅम वाढवा, आणि मला वाटतं तुम्हाला ती वाढवावी लागेल.

पण ३,००० देऊन ८ जीबीची नवी स्टिक घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. तिथे '१ ऑफ २' असेल तर एक जागा रिकामी आहे. त्यात दुसरी ४ जीबीची स्टिक टाकली की ८ जीबी होते, शिवाय दोन्ही स्टिक जोडीने चालतात, त्याचा फायदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मिळतो, कारण त्याची स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच घेतो. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. शेवटचं 'एल' महत्त्वाचं आहे. १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ तशीच दिसते, खाचेतही बसते, पण त्यावर मशीन चालू होत नाही आणि माणूस घाबरतो की मदरबोर्ड गेला. ही स्टिक वापरलेली घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये झिजण्यासारखं काही नसतं, चांगली चालणारी स्टिक बहुधा चालतच राहते. दुकानात मेमटेस्टची (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एक फेरी पूर्ण करून घ्या, काही दिवसांची बदलून देण्याची बोली करा, एवढं पुरे. २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले आहेत. नव्या रॅमचा हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या किमती डोक्यात ठेवून करू नका. जुन्या प्रकारच्या रॅमवर नवे पैसे घालणं तर आता आणखीच विचार करण्यासारखं झालंय.

प्रोसेसर बदलता येईल का, असं पुष्कळ लोक विचारतात. तुमच्या मशीनमध्ये नाही. नावाच्या शेवटी 'यू' असलेले हे प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेले असतात. आय३-५००५यूमध्ये दोन कोअर आहेत, वेग २ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली तर वर जाण्याची सोयही नाही. ही या मशीनची हद्द आहे. टायपिंग, तक्ते, एक ऑनलाइन तास, यूट्यूब एवढ्यासाठी ती पुरते. त्याच्या पुढचं काम तिला झेपणार नाही आणि ते कितीही एसएसडी-रॅम टाकून बदलत नाही.

हद्दीचा दुसरा भाग विंडोजचा आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची अपडेट घेण्याची सोय ठेवली आहे. ती नोंदणी केली नसेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर बघा. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, तुमचा पाचव्या पिढीचा आहे. तपासणी चुकवून ती बसवून देणारे लोक आहेत. ती बसतेही. पण अशा मशीनवर अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्या मशीनवर मी ते करून देत नाही.

मग ही सोय संपली की हा लॅपटॉप टाकायचा का? नाही. एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी टाकायची प्रणाली याच मशीनवर छान चालते, फुकट आहे, आणि तिला सुरक्षेची अपडेट मिळत राहतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठी ठरलेली अक्षरांची मांडणी) तिच्यात असतोच, चालू करायचा एवढंच. इनस्क्रिप्टचा हात असेल तर पहिल्या दिवसापासून टायपिंग जमेल. जुने शिवाजी वगैरे फॉन्ट त्या फाइली टाकल्या की तिथेही दिसतात. वर्डऐवजी लिबरऑफिस वापरावं लागेल. वर्डच्या फाइली त्यात उघडतात, पण तक्ते आणि गणिताची सूत्रं असलेल्या प्रश्नपत्रिकेत ओळी इकडच्या तिकडे सरकतात. छपाईला देताना पीडीएफ करूनच द्या. हा बदल दहावीच्या सराव परीक्षांच्या तोंडावर करू नका, दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत करा. आणि बँकेचे व्यवहार सध्या अपडेट असलेल्या मोबाइलवरून करत असाल तर लॅपटॉपवर ते करण्याची गरजच राहत नाही.

बॅटरीचे २,५०० मी तूर्त वगळीन. तुम्ही घरात, टेबलाजवळ, चार्जर लावून काम करता. बॅटरी अर्धा तास टिकत असेल तरी लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती ती पुरते. मात्र टचपॅड वर उचललेला दिसत असेल, बटणं कडक झाली असतील किंवा तळ टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलेली आहे. मग प्रश्न खर्चाचा राहत नाही, ती ताबडतोब काढायला हवी. दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, केराच्या डब्यात टाकू नका. तुमची बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढून नुसत्या ॲडॉप्टरवरही लॅपटॉप चालतो.

मजुरी देताना मात्र त्यात साफसफाई धरून घ्या. पंखा आणि त्याच्या पुढची तांब्याची जाळी यांच्या मधोमध धुळीचा, केसांचा आणि फोडणीच्या तेलकटपणाचा एक जाड थर बसलेला असतो, बोटाने उचलला तर अख्खाच्या अख्खा हातात येतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, पंखा उघडावा लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. घोडबंदर रोडला बांधकामांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये हा थर दोन-तीन वर्षांतच जमतो.

मशीन उघडलेलंच असेल तेव्हा दुकानदाराला सांगा, बोर्ड मला दाखवा. कळवा, कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या इमारतींमधून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये पावसाळ्यानंतर कनेक्टरांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी मला इतरांपेक्षा जास्त दिसते. रॅमच्या सोनेरी टोकांवर नुसता काळपटपणा असेल तर खोडरबराने साफ होतो. पण बोर्डावरच्या चिपांच्या पायांशी, चार्जिंगच्या भागाजवळ हिरवं चढलेलं असेल तर तिथेच थांबा. ते मशीन आज चालतंय, उद्याची खात्री कोणी देणार नाही, आणि त्यात अगदी स्वस्तातली रॅमही घालू नये.

आणखी कुठे मी लोकांना परत पाठवतो, तेही सांगतो. बिजागरी तुटून तळाचं प्लॅस्टिक फाटलेलं, पाणी सांडून आधी एकदा बोर्ड दुरुस्त झालेला, किंवा सेलेरॉन या स्वस्त प्रोसेसरवाले छोटे लॅपटॉप ज्यांच्यात रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डवरच सोल्डर असते. या शेवटच्या प्रकारात वाढवण्यासारखं काही नसतंच. हलकं लिनक्स टाकून जेवढं चालेल तेवढं चालवायचं.

तुमच्या ऑनलाइन तासाच्या अडखळण्यात आणखी एक संशयित असू शकतो. त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपात बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं वायफाय कार्ड असायचं. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीत प्रत्येक घरी राउटर असल्यावर त्या तीन चॅनलांवर सगळ्यांची गर्दी. संध्याकाळी तुमच्या तासाच्या वेळेलाच आवाज तुटत असेल आणि त्याच जागी मोबाइल नीट चालत असेल, तर लॅपटॉप नव्हे, वायफाय अडतंय. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेल तर तो पट्टा पकडणारा छोटा यूएसबी डोंगल घ्या. आतलं कार्डही बदलता येतं, पण काही कंपन्यांची मशीन आपल्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाहीत. डोंगलला ती अडचण नाही, आणि तो पुढच्या लॅपटॉपलाही लागतो.

'पुढच्या लॅपटॉपलाही लागतो' हाच माझा मुख्य मुद्दा आहे. एसएसडी आज टाकली आणि सहा महिन्यांनी बोर्ड गेला, तर ती काढून केसिंगमध्ये घातली की बाहेरची वेगवान ड्राइव्ह झाली. तो पैसा बुडत नाही. केसिंग, डोंगल, चांगला माउस यांचंही तसंच. याउलट डीडीआर३एल रॅम आजच्या कुठल्याच नव्या मशीनला बसत नाही, बॅटरी त्याच मॉडेलची असते, बिजागरी आणि स्क्रीनही तशीच. हा पैसा मशीनबरोबर जातो. म्हणून दहा वर्षांच्या लॅपटॉपसाठी मी पहिल्या प्रकारच्या वस्तूंवर मोकळ्या हाताने आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंवर हात राखून खर्च करायला सांगतो. तुमच्या कोटेशनला हे लावलं तर बॅटरी गेली, ५१२च्या जागी २५६ आली, नवी ८ जीबी रॅम जाऊन वापरलेली ४ जीबी आली, तीही गरज वाटली तर. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास तुमचं काम होईल. मग तुम्ही दोन-तीन वर्षं निश्चिंत काढू शकता.

आता मुलगा. पहिल्या वर्षी सी आणि पायथन शिकायला तुमचा हा लॅपटॉपही चालला असता. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन किंवा मेकॅनिकल-सिव्हिल असेल तर डिझाइनची सॉफ्टवेअर येतात. तिथे दोन कोअर आणि ८ जीबीत मुलाचे तासन्‌तास नुसते वाट बघण्यात जातील. नव्याचं बजेट असेल तर किमान १६ जीबी असलेला किंवा पुढे रॅम वाढवता येणारा घ्या. बजेट नसेल तर कंपन्यांची लीज संपून आलेले बिझनेस लॅपटॉप बघा. तुलना नेहमी यांच्याशी करावी. लोक जुन्याची तुलना नव्या लॅपटॉपशी करतात, म्हणून दुरुस्तीचा कोणताही आकडा त्यांना स्वस्त वाटतो.

यात आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. आय५-७२००यूमध्ये दोन कोअर होते, आय५-८२५०यूमध्ये चार आले, आणि विंडोज ११ही आठव्यापासूनच अधिकृतपणे चालते. नुसतं 'आय५ आहे' यावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, पर्याय जास्त मिळतात, पण दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं आणि तक्रार निघाली की पुन्हा तेच. थोडे जास्त देऊन ठाण्यात किंवा वाशीत लेखी वॉरंटीसह मिळत असेल तर मी जवळचं घेईन.

घेताना एक चाचणी दुकानातच करा. विंडोज 'रीसेट' करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिल्यापासून सेटअप करायला लावा. इंटरनेट लागल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. दुकानदार 'नेट न लावता पुढे जा' म्हणेल, पण पुढच्या रीसेटला ते कुलूप परत येईल. असं मशीन कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) पासवर्ड नाही हेही बघा, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

तुमचा लॅपटॉप दुकानात ठेवायला जाल तेव्हा बिलावर एसएसडीची कंपनी आणि सिरीयल नंबर मागा, नाहीतर वॉरंटीचा दावा करताना अडचण येऊ शकते. जुनी हार्ड डिस्क न विसरता परत घ्या. तिच्यावर मुलांची नावं, फोन नंबर, गुण आणि तुमची बँकेची कागदपत्रं आहेत, आणि साधं फॉरमॅट मारल्याने ती पुसली जात नाहीत. नव्या एसएसडीवर सगळ्या प्रश्नपत्रिका उघडून बघितल्याशिवाय त्या डिस्कवरचं काही खोडू नका.